चाळणीचा डफ

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥
भवानी पेठ, सोलापूर
१४ नोव्हेंबर १९७६

चि. शिवलीला हिला अज्जीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं! तुझ्या बापाचं नव्हे, तुझं, तुझ्या हातचं. खाली मागावर सुताच्या कांड्या भरते ती गुलबानो निळा कागद जिन्याच्या भोकातून वर धरून ओरडली, "अम्मा, अमरीका आया!" मी खाटेवरून उठायला गेले आणि कंबर म्हणाली, बस खाली. मग बसूनच हसले. इतकी हसले की गुलबानो म्हणते, "क्या अम्मा, भूत लग्या क्या?"

इथून गेलीस तेव्हा दहा वर्षांची होतीस. अक्षर अजून तसंच कोंबडीच्या पायाचं आहे, पण मराठी विसरली नाहीस गं माझी बाय. मी तरी कुठं पंडित, चौथी शिकले. मास्तर सांगायचे, बोलताना हाय म्हणा, लिहिताना आहे लिहा. म्हणून आहे लिहिते. मधे कुठं हाय आलं तर मास्तरांना सांगू नको.

माझी खुशाली विचारलीस. मी मजेत. गेल्या वर्षीच्या दिवाळीत जिन्यावरून पडले, तेव्हापासून वरच असते. जिना कसला, शिडीच ती, तू उलटी उतरायचीस आठवतं का? खाली तुझ्या चन्नवीर काकाचे माग, वर मी. काकानं जिन्याच्या तोंडाला लाकडी झडप बसवली. माग सुरू झाले की खालून कडी घालतो, नाहीतर सुताची धूळ वर येऊन मला खोकला लागतो. लई काळजी घेतो माझी. मधल्या वेळात हाक मारली तर कुणाला ऐकू जात नाही, पण मला हाक कशाला मारायची असते? जेवण येतं, पाणी येतं, खिडकीतून समोरच्यांची शेळी दिसते. शेळी बघण्यात दिवस जातो.

आता तू लिहिलंस ते. मी गुलबानोला दोनदा वाचून दाखवलं. पाचवा मजला. अप्पा आणि आई दोघं इस्पितळात कामाला, जाताना दाराला बाहेरून कुलूप. खिडकीला जाळी, तिलाही कुलूप. आणि खाली शाळेच्या पटांगणात ती काळी माणसं रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून वायर ओढून तबकड्या वाजवतात. दोन यंत्रं, दोन्हीवर तीच तबकडी. गाणारा थांबून नुसता ढोल वाजतो तेवढाच तुकडा एकीवर संपला की दुसरीवर लावायचा, तो संपला की पहिलीवर. ठेका तुटूच द्यायचा नाही. आणि त्या ठेक्यावर एकजण यमकं जुळवत बोलतो, दुसरा त्याला उत्तर देतो, आणि जमलेली सगळी माणसं ओरडून साथ करतात.

अगं वेडे, तू लिहितेस, "अज्जी, तुला हे कळणार नाही." मला कळणार नाही? डफवाले दोघं असायचे ते कशाला? एकाचा हात दुखला की दुसऱ्यानं उचलायचं, ठेका खाली पडू द्यायचा नाही. आणि साथ करतात त्याला आमच्यात झील म्हणतात. तुझ्या समोर राहणाऱ्या वेंडीचा भाऊ तबकड्या फिरवतो म्हणालीस ना, त्याला सांग, सोलापूरच्या म्हातारीला सगळं कळलं.

एकदा खाली गेलीस आणि अप्पानं बघितलं म्हणून कुलूप. व्हय, तुझा बाप विरुपाक्ष लहानपणापासून भित्रा. तो वाईट नाही. पुढच्या पत्रात आणखी लिही, कागद संपला तर कडेनं लिही.

तुझी अज्जी, गौरम्मा


२ जानेवारी १९७७

चि. शिवलीला,

सिद्धरामेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली. नंदीध्वजाच्या काठ्या मिरवायचा सराव चालू आहे म्हणे, मला नुसता आवाज येतो. काका म्हणतो, "अव्वा, मी सगळं सांगतो की येऊन." येतो आणि झोपतो.

तुझं दुसरं पत्र मी किती दिवस उशाला घेऊन झोपले. वेंडीच्या आजीचं लिहिलंस ते. जमैका म्हणून बेट, तिथून ती आली. तिच्या पणज्या-खापरपणज्यांना साखळ्या घालून जहाजातून आणलं आणि उसात राबवलं. मालकांनी त्यांचे ढोल काढून घेतले. का, तर ढोलावरून ही माणसं लांबवर एकमेकांना निरोप देतात आणि सगळी एकदम उठतात. मग ती माणसं टाळ्या वाजवायला लागली, पाय आपटायला लागली, काठी, डबा, भांडं, मिळेल ते. आणि आताच्या काळात त्या बेटावर गल्लीत कपाटाएवढे कर्णे लावून तबकडी वाजवायची आणि वरून बोलायचं. तेच वेंडीच्या घरच्यांनी तुमच्या गावात आणलं. वेंडीची आजी म्हणाली, "ढोल नेला, हात नेला नाही." त्या बाईला माझा नमस्कार, शरणार्थ सांग.

आता माझं ऐक. तुझ्या बापालाही हे माहीत नाही. माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडं, आमच्या गावच्या जत्रेत हरदेशी-नागेशी व्हायची. कानडीत. समोरासमोर दोन मेळे, दोघांकडं डफ आणि तुणतुणं. हरदेशी म्हणणार शिव मोठा, पुरुष मोठा. नागेशी म्हणणार शक्ती मोठी, बाई मोठी. गाण्यातूनच सवाल टाकायचा, गाण्यातूनच फेडायचा. हरेल त्यानं आपला डफ जमिनीवर पालथा घालायचा आणि जिंकणाऱ्यानं एक मागणं मागायचं. ते द्यावंच लागायचं, मग पाटील असो नाहीतर देसाई. एका वर्षी नागेशीवाल्या बाईला सवाल फुटेना. माळवदावर बायकांत मी बसले होते, परकर नेसायच्या वयाची. वरूनच उत्तर टाकलं. सगळी जत्रा माना वर करून बघायला लागली! त्या बाईनं मला खाली बोलावून आपला डफ दिला.

त्याच महिन्यात माझं लग्न लावलं. अशी पोर घरात ठेवायला नको म्हणाले.

डफ मी लुगड्यांच्या गाठोड्यात घालून सोलापूरला आणला. सासूबाईंना सापडला. त्या रागावल्या नाहीत हो, काटकसरी होत्या. म्हणाल्या, "कडं चांगलं शिसवीचं हाय, वाया कशाला घालवायचं?" चामडं फाडलं, कड्याला जाळी ठोकून घेतली. पिठाची चाळण! या घरात जोंधळ्याचं पीठ चाळलं ते त्याच चाळणीनं. तू खाल्लेली प्रत्येक भाकरी त्या डफातून गेलेली आहे. आणि चाळताना थाप बसतेच की. सासूबाई म्हणायच्या, "गौरे, पीठ चाळतीस का नाचवतीस?"

ती चाळण आता वर माझ्याजवळ आहे. खाली पिठाला पत्र्याची नवी चाळण आणली सुनेनं.

आता खरी बातमी, शेवटी ठेवली. तुझ्या बापाचं पत्र आलं. जूनमध्ये तुझी शाळा संपते, मग तुला इथं पाठवतो म्हणतो. अक्कलकोटकडच्या मल्लव्वांचा मुलगा शिवयोगी, पेंडीचं दुकान, शांत. होकार मी द्यायचा, घरात मोठी मी म्हणून. अगं, तू येणार! लग्न होईपर्यंत माझ्याजवळ वरच राहशील. मी काकाला सांगून दुसरी खाट वर चढवली. दोर लावून चढवली, चार माणसं लागली, गुलबानो खालून "नक्को नक्को" करत होती. खिडकीजवळची बाजू तुझी. शेळी तिथून नीट दिसते.

तुझी अज्जी


१० मार्च १९७७

शिवलीला,

तुझं पत्र पोचलं. एकच ओळ. "अज्जी, कुलपाची दुसरी किल्ली तुझ्याकडं होती, ती तू अप्पांना दिलीस."

असं लिहितात होय म्हाताऱ्या माणसाला? मी दोन दिवस शेळीसुद्धा बघितली नाही.

बाहेर निवडणुकीच्या जीपगाड्या कर्णे लावून फिरतायत, डोकं उठलंय. गुलबानो म्हणते मत द्यायला चल, खुर्चीत बसवून उतरवू. काका म्हणाला, "नको अव्वा, पुन्यांदा पडलीस तर?" बरोबरच आहे त्याचं. पडले तर?

मग काल तुझं मोठं पत्र आलं आणि माझा जीव भांड्यात पडला, आणि वाचल्यावर परत बाहेर आला. मागच्या गल्लीत इमारत जळाली म्हणतेस. आठवड्याला एक जळते. मालकच जाळतात म्हणे, विम्यासाठी. धूर तुमच्या घरात आला, दाराला बाहेरून कुलूप, खिडकीला जाळी. वेंडी दार बडवत होती आणि तू आतून बडवत होतीस. अप्पा आला तोवर तू न्हाणीघरात ओलं फडकं तोंडाला लावून बसलेली. आणि इतकं होऊनही त्यानं कुलूप काढलं नाही. म्हणाला, जूनपर्यंत कळ काढ.

म्हणून तर सांगते, इकडं ये! इथं काय जळतंय? खाली सगळं सूतच आहे म्हणा, आणि झडपेला कडी असते. पण इतक्या वर्षांत कधी जळालं नाही.

हे लिहून मी थांबले जरा. चहा आला होता.

तू लिहिलंस की अप्पानं बघितलं त्या दिवशी पटांगणात तू नुसती बघत नव्हतीस. वेंडीच्या भावानं तुझ्या हातात माईक दिला. तू घाबरून कायतरी मराठीत बोललीस, मी तुला निजवताना बडबडायची ती यमकं, आणि ती ठेक्यात बसली. लोकांना शब्द कळला नाही तरी सगळ्यांनी झील धरली. "अज्जी, माझा आवाज माझाच वाटत नव्हता," असं लिहिलंस.

मला ठाऊक आहे ते कसं वाटतं. सगळी जत्रा मान वर करून बघते तेव्हाचं.

पण पोरी, ते एकदाच असतं. मग माणूस संसाराला लागतो आणि चांगलं चालतं. माझं चाललंच की. मल्लव्वा मे महिन्यात होकार न्यायला येणार आहेत. खाटेवर घालायला काकाकडून नवीन चादर घेतली, मोराची. रुसू नको.

अज्जी


१५ मे १९७७

माझ्या शिवलीला,

बस, पाणी पी आणि मग वाच. काय झालं ते ऐकून तू हसशील. मी अजून हसते आहे, बरगड्या दुखतात.

मंगळवारी मल्लव्वा आल्या. बाई देहानं भरपूर. मी खाली जाऊ शकत नाही, मग त्यांनाच वर यावं लागलं. गुलबानो मागून ढकलते, काका वरून ओढतो. भोकातून निम्म्या आल्या आणि अडकल्या. म्हणाल्या, "गौरम्मा, घरात माणूस घेता का बाटलीत बूच घालता?" मला बाई आवडली.

लाईट गेली होती, माग बंद, सगळं शांत. काका शिवयोगीला माग दाखवायला खाली घेऊन गेला. आम्ही दोघी बोलायला बसलो. मोराची चादर बघून म्हणाल्या, "ही कुणाची खाट?" म्हटलं, नातीची. मग म्हणाल्या, "पोरगी अमेरिकेची, म्हून आदीच सांगते. पयली दोन वर्षं आमी भाईर पाठवनार न्हाय. गानं-बजावनं आमच्यात चालत न्हाय. मीबी लग्नाआदी लई बडबडी हुते, मग गप बसले. सवय हुते की."

मी म्हटलं, "हुते की." होकार अगदी जिभेवर आलेला होता बघ. गूळ वाटीत काढून ठेवला होता.

तेवढ्यात लाईट आली. माग सुरू झाले, धडाधड धडाधड, आणि कुणीतरी सवयीनं खालून झडप लावून कडी घातली.

पहिल्यांदा मल्लव्वा हसल्या. मग म्हणाल्या, उघडायला सांगा. म्हटलं, ऐकू जात नाही. त्यांनी हाका मारल्या. झडपेवर मुठी मारल्या. तोंड लाल, घामाघूम. "अवो, उगडा! चन्नवीर! शिवयोगी! मला भाईर काडा!" मला म्हणाल्या, "तुमी वरडा की! गप काय बसलाय?"

मी म्हटलं, "सवय झाली की."

आणि शिवलीला, हे तोंडातून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. दीड वर्षात त्या झडपेवर मी एकदाही मूठ मारलेली नाही. आणि तू तिकडं मारत होतीस, धुरात. मी म्हटलं होतं, इकडं ये.

मल्लव्वांना रडू यायला लागलं. त्यांचं मन रमावं म्हणून मी चाळण उचलली आणि कड्यावर थाप मारली. कशाला मारली कोण जाणे. त्यांनी मान वर केली. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ही थाप कुठली?" म्हटलं, नागेशीची. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला. "माझा बाप हरदेशीचा हुता," म्हणाल्या. "टाका सवाल!"

अगं, खाली माग धडधडतायत, ठेका आयता! तुझ्या त्या दोन तबकड्यांसारखा, तुटतच नाही. आम्ही कानडीत गायलो, तुला मराठीत लिहिते. मी टाकलं:

*शिव मोठा म्हणतेस बाई, सांग मला गं मल्लव्वा,*
*शिव जेवायला बसला तेव्हा पीठ चाळलं कोणी तवा?*

त्यांनी दम न घेता फेडलं:

*पीठ चाळलं शक्तीनं, पण जोंधळा कोणी पेरला?*
*शिवानं धरला नांगर, तेव्हा दाणा कणसात भरला!*

काय बाई! आवाज फुटका, पण ठाम. आम्ही किती सवाल केले देव जाणे. त्यांनी मला दोनदा अडवलं, मी कशीबशी सुटले. त्या खाटेवर मांडी ठोकून झील धरत होत्या, मोराची चादर चुरगळून गेली. दोघींचे केस सुटलेले. मग मी खालच्या मागांकडं कान दिला आणि हा सवाल आला. रचला नाही, आला:

*उभा धागा बांधलेला, दोन्ही टोकांना ताणलेला,*
*आडवा धागा धोट्यासंगं इकडून तिकडं हिंडलेला.*
*उभ्याला बांधलं, रीत झाली, कोण नाही म्हणणार?*
*आडव्यालाही बांधलंस बाई, तर चादर कोण विणणार?*

मल्लव्वांनी दोनदा मांडी ठोकली. ठेका चालूच होता. त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मग खिडकीकडं, मग झडपेकडं. नंतर माझ्या हातातून चाळण घेतली आणि जमिनीवर पालथी घातली.

"मागा," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नकार द्या. तुमच्या तोंडानं. माझ्या विरुपाक्षाचा शब्द खाली पडायला नको, आन् पोरीला बोल लागायला नको."

"आन् घरात काय सांगू?"

"सांगा, म्हातारी येडी हाय."

"ते तर जिन्यातच कळलं हुतं," म्हणाल्या, आणि पुन्हा हसायला लागल्या. हसता हसता माझा हात धरून बसल्या. "गौरम्मा, मी लग्नानंतर आज गायले," म्हणाल्या. "शिवयोगीला सांगू नका."

पुन्हा लाईट जाऊन माग थांबले तेव्हा काका धावत वर आला. मल्लव्वा भोकातून उतरताना त्याला म्हणाल्या, "चन्नवीर, पोरीची पत्रिका आमच्या स्वामींना पटली न्हाय." पत्रिका कुणी दाखवलीच नव्हती!

गूळ आम्ही दोघींनी आधीच खाऊन टाकला होता.

तुझी अज्जी


३ जुलै १९७७

चि. शिवलीला,

तू आता इथं येणार नाहीस. मोठ्या शाळेत नाव घातलंस, बरं केलंस. मी काही विमानतळापर्यंत येईन असं वाटत नाही, जिन्यापर्यंतच येत नाही. तेव्हा भेटीचं असं आहे. लिहीत जा.

तुझ्या बापाला मी वेगळं पत्र घातलं होतं. भांडले नाही. लिहिलं की विरू, लहानपणी तू अंधाराला भ्यायचास, तेव्हा मी दार उघडं टाकायची, लावायची नाही. त्यानं मला उत्तर दिलेलं नाही. पण तू लिहितेस खिडकीच्या जाळीचं कुलूप काढलं, दाराचं नाही. अर्धं तर अर्धं. खिडकीबाहेर खाली उतरायची लोखंडी शिडी आहे म्हणालीस ना, धूर आला तर तिच्यावरून उतर. धूर नसला तर काय करायचं ते मी सांगत नाही, तुझा बापही हे पत्र वाचत असेल.

विरू, वाचतोस का? जेवण वेळेवर कर.

इथली झडप काकानं काढून टाकली. मी मूठ मारली तिच्यावर. माग बंद असताना मारली, म्हणजे सगळ्या कामगारांना ऐकू गेलं. काका लाजला, मग त्यानं बिजागऱ्या काढल्या. आता धूळ वर येते, खोकला येतो, आणि खालचं सगळं बोलणं ऐकू येतं. गुलबानो कुणाविषयी काय काय बोलते बाई! कंबर मात्र आहे तशीच. भोक उघडं आहे आणि मी वरच आहे.

दुसरी खाट परत खाली पाठवली. पुन्हा दोर, पुन्हा चार माणसं. गुलबानो दुपारी तिच्यावर पडते. मोराची चादर मी ठेवून घेतली, पार्सलाला लई पैसे पडतात म्हणतात, नाहीतर पाठवली असती. खोली मोठी दिसायला लागली आहे. शेळीला करडू झालं.

आता काम सांगते. त्या पटांगणात पुन्हा उभी राहशील तेव्हा तो उभ्या-आडव्या धाग्याचा सवाल टाक. त्यांच्या भाषेत कसं करायचं ते तू आणि वेंडी बघा. तिच्या आजीला विचारा, तिला जमेल. कुणी फेडला तर मला कळव, आमच्याकडं मल्लव्वा अजून उत्तर शोधते आहे, दोन पत्रं आली तिची.

कुठल्या दिवशी जाणार ते आधी लिही. त्या दिवशी खाली माग सुरू झाले की मी चाळण मांडीवर घेऊन झील धरीन. तुला ऐकू येणार नाही. तरी जरा थांबून बघ, माझ्यापुरती जागा सोड आणि मग पुढचं म्हण.

तुझी अज्जी,
गौरम्मा